ची कुणाची?

उल्हास पाटणकरने शांत व्हायचं ठरवलं आणि त्या दिवसापासून त्याच्या घरातली शांतता गेली.

कारण ऑफिसातलं होतं. सिडनीत दुसरा मोठा लॉकडाउन लागून बरेच आठवडे झाले होते. उल्हास बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आपली आयटीची टीम चालवत होता. टीम चालवणं म्हणजे टीमवर ओरडणं, एवढं तो पुण्यातल्या पहिल्या नोकरीत शिकला होता आणि पुढे त्यात काही भर घालावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं. एका सकाळी मीटिंगमध्ये तो मेलबर्नच्या एका मुलावर इतका ओरडला, की त्या मुलाच्या कुत्र्याने सोफ्याखाली दडी मारली आणि ते संध्याकाळपर्यंत बाहेर आलं नाही. मुलावर ओरडलेलं कंपनीने पोटात घातलं असतं. पण कुत्र्याला धक्का बसलेला ऑस्ट्रेलियात कुणी पोटात घालत नाही. दुपारी एचआरच्या रिबेकाचा फोन आला.

“उल्हास, आर यू ओके?” तिने मऊ आवाजात विचारलं.

या देशात एचआरने हे विचारलं की पुढची पायरी कुठली असते, हे उल्हासला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे रिबेकाने मन शांत करणारा एखादा कोर्स सुचवताच त्याने तो आपल्याच मनात होता असं सांगून टाकलं.

त्याला योग करता आला असता. त्याचे वडील पौड रोडच्या घरात रोज सकाळी सूर्यनमस्कार घालत, आणि उल्हास पांघरुणातून डोकं बाहेर काढून त्यांना हसत असे. पण योग पडला घरचा. घरचं काही केलं तर कौतुक कोण करणार? शिवाय योगात वाकावं लागतं. शोधता शोधता त्याला मास्टर क्रेग सापडले.

मास्टर क्रेग पूर्वी क्वीन्सलँडमध्ये स्विमिंग पूल विकायचे. धंदा बसल्यावर ते चीनमधल्या कुठल्याशा डोंगरावर गेले. तिथे किती दिवस राहिले ते त्यांच्या वेबसाइटवर नव्हतं, डोंगराचा फोटो मात्र होता. अंगात रेशमी झगा, डोक्यावर पांढरा बुचडा आणि आवाज खोकल्याच्या औषधासारखा, दाट आणि गोड. शरीरात ‘ची’ नावाची ऊर्जा असते, सावकाश श्वास आणि संथ हालचालींनी ती बेंबीखाली साठवायची, म्हणजे माणूस वरून सैल आणि आतून बळकट होतो, असं ते शिकवत. विद्या तशी जुनी आहे आणि तिच्यापायी कुणाचं वाईट झाल्याचं ऐकिवात नाही. पण तोवर ती उल्हासच्या हाती लागली नव्हती.

आदल्या वर्षी साथ सुरू झाली तेव्हा याच उल्हासने चीनच्या नावाने बोटं मोडली होती. आजन्म चायनीज खाणार नाही, अशी शपथ त्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर घेतली होती, तीही चीनमध्ये बनलेल्या फोनवरून. आता तोच माणूस आमटीभात कालवता कालवता म्हणू लागला, “काय संस्कृती आहे! आपण काही शिकलोच नाही त्यांच्याकडून.”

हे ऐकायला समोर असायची त्याची पंधरा वर्षांची मुलगी ओवी, आणि असलीच तर बायको मंजिरी. मंजिरी वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. त्या दिवसांत पश्चिम सिडनीतली निम्मी नाकं तिच्या टेबलावरून जात होती. एक शिफ्ट संपवून ती घरी यायची ती जेमतेम पुढच्या शिफ्टला परत जाण्यापुरती. तिला या जगात एकच गोष्ट हवी होती, आणि ती म्हणजे झोप.

“तू चुकीच्या पद्धतीने थकतेस,” उल्हास एकदा तिला म्हणाला.

मंजिरी दारातच बूट काढत होती. एक बूट हातात राहिला. “म्हणजे?”

“म्हणजे तुझी ची खांद्यात अडकलीय.”

“माझी काय?”

“ची.”

“कुणाची?”

“कुणाची नाही गं. नुसती ची. ऊर्जा! मी दाखवतो, हे असे हात घे. ढग बाजूला सारल्यासारखे…”

“उल्हास, माझं काय कुठे अडकलंय ते अडकलेलं असू दे. मला झोपू दे.”

“झोप म्हणजे विश्रांती नव्हे,” उल्हास म्हणाला. हे मास्टर क्रेगचं वाक्य होतं, आणि ते ऐकवायला त्याने नेमकी ही वेळ निवडली होती.

हळूहळू घरात नियम आले. कुकरच्या शिटीने ची तुटते, म्हणून कुकर कपाटात गेला आणि डाळ पातेल्यात शिजायला लागली, म्हणजे बहुतेक दिवशी न शिजताच पानात यायला लागली. मिक्सर बंद. बाथरूमचं दार लोटायचं, आपटायचं नाही. फ्लश शक्यतो विचार करून. उल्हास मात्र साधनेच्या आधी आणि नंतर हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून आणलेली आरतीची थाळी लाटण्याने बडवायचा, कारण तो नाद पवित्र होता. ज्याला शांत व्हायचं होतं तो सोडून बाकीच्यांनी शांत राहायचं, असा एकूण कोर्स होता.

ओवीची शाळा ऑनलाइन होती. ती उत्तरं कुजबुजत द्यायला लागली तेव्हा तिच्या बाईंनी वर्ग थांबवून काळजीने विचारलं, “ओवी, घरी सगळं ठीक आहे ना? कुणी तुला बोलू देत नाहीये का?”

“माय डॅड इज रिलॅक्सिंग, मिस,” ओवी कुजबुजली.

कोर्सात पुढे गेल्यावर उल्हासला वाटलं, आपल्याला प्रत्यक्ष गुरू हवा. समोरच्या फ्लॅटमध्ये मिस्टर हो राहायचे. ते अनेकदा बाल्कनीत कठड्याला टेकून, खाली रस्त्याकडे डोळे लावून, अजिबात न हलता उभे असत. इतकी वर्षं उल्हासने त्यांना नुसतं ‘गुड मॉर्निंग’ घातलं होतं. आता कचऱ्याच्या डब्यांपाशी गाठून त्याने त्यांना कमरेतून वाकून नमस्कार केला.

“काही पडलं का तुमचं?” मिस्टर हो खाली बघायला लागले.

“सर, तुम्ही रोज जे करता, ते मला शिकवा. ते उभं राहणं.”

“ते? मी पार्सलची वाट बघत असतो, मेट. ते लोक बेल न वाजवता खाली टाकून जातात.”

“पण ची…”

“मला त्यातलं काही माहीत नाही. मी मलेशियाचा. जन्मभर लोकांचे दात काढले. गुडघे गेलेत, म्हणून सकाळी व्हिडिओ बघून योग करतो.” मिस्टर हो जवळ सरकले, मग लॉकडाउन आठवून मागे सरकले. “तू इंडियन ना? ते पश्चिमोत्तानासन मला काही केल्या जमत नाही. दाखवतोस?”

उल्हास भारावून घरी आला. “खरे गुरू असेच असतात,” त्याने ओवीला सांगितलं. “सरळ कधी हो म्हणत नाहीत. आधी टाळून बघतात.”

आणि मग आला वृक्षाचा धडा. पाय खांद्याएवढे फाकवायचे, गुडघे किंचित वाकवायचे, समोर मोठं झाड आहे असं समजून त्याला मिठी मारल्यासारखे हात गोल धरायचे, डोळे मिटायचे आणि हलायचं नाही. “जग तुमची परीक्षा घेईल,” मास्टर क्रेगनी बजावलं होतं. “घंटा होईपर्यंत मोडू नका. मध्येच मोडलात तर साठलेली ची उलटी फिरते आणि लिव्हरमध्ये जाते.”

उल्हासने हे झाड लावलं ते नेमकं बाथरूमच्या दारासमोर, आणि मंजिरीच्या सकाळच्या शिफ्टच्या वेळी.

“सरक,” मंजिरी म्हणाली.

झाड हललं नाही.

“उल्हास, मला उशीर होतोय.”

झाडाने सावकाश श्वास सोडला. शेवटी मंजिरी त्याच्या गोल हातांखालून वाकून आत गेली, आणि बाहेर येताना तिच्या डोक्याचा दणका त्याच्या कोपराला बसला. तेव्हा झाड मराठीत बोललं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“बाहेर जा,” मंजिरी म्हणाली. ती कधी आवाज चढवत नसे. आताही चढवला नाही, आणि म्हणूनच उल्हास मुकाट्याने ऐकत राहिला. “व्यायामाला बाहेर जायची परवानगी आहे ना? मग बागेत जा. तिथे हवं तेवढं झाड हो. घरात मला माणूस हवाय.”

“डॅड, पण तो व्यायाम धरतात का?” ओवीने विचारलं. “इट्स लिटरली जस्ट स्टँडिंग.”

प्रश्न खरा तर मोलाचा होता. त्या दिवसांत पश्चिम सिडनीत घराबाहेर पडायला कारण लागायचं. किराणा चालायचा, औषध चालायचं, व्यायाम चालायचा. बागेत नुसतं थांबणं चालत नसे. तोंडावर मास्क हवाच, तो फक्त धाप लागणारा व्यायाम करताना काढता यायचा. पण उल्हासला बाहेरून कारण लागत नव्हतं, त्याच्या बेंबीखाली भरपूर साठलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जवळच्या बागेत गेला. एका निलगिरीपाशी जागा धरली, श्वास मोकळा राहावा म्हणून मास्क काढून खिशात घातला, फोनवर घंटेचा गजर लावला आणि डोळे मिटले. गजर लावताना त्याने एक गोष्ट आणखी केली होती. आईला पुण्यात पहाटे चारला जाग येते आणि ती लगेच फोन करते, म्हणून गजरासकट फोनचा आवाज पूर्ण बंद केला होता.

घंटा होणार नव्हती.

पहिला भाग उत्तम गेला. दुसरा भागही बरा गेला. मग खांदे भरून आले, मांड्या लटपटायला लागल्या, आणि उल्हासला वाटलं, हीच ती ची. जबडा सैल सोडायचा असतो म्हणून त्याने सोडला होता. त्यातून लाळेची एक तार हनुवटीवर आली. कुत्रा फिरवायला आलेली एक बाई जाताना थबकली.

“यू राइट, लव्ह?” तिने विचारलं.

जगाने परीक्षा घ्यायला सुरुवात केली होती. उल्हास गप्प राहिला.

बाईने लांबून दोनदा हाका मारल्या, मग फोन लावला. “हो, उभाच आहे… नाही, हलत नाही… हात असे पुढे. जणू कुणाला तरी धरलंय, पण कुणीच नाही… हो, लाळ गळतेय.”

बागेत गस्तीला आलेले दोन पोलीस आधी पोचले, एक बाई आणि एक उंच माणूस.

“मॉर्निंग, मेट. मास्क कुठाय तुझा?” उंच पोलीस म्हणाला.

उत्तर उल्हासच्या जिभेवर होतं. पण जीभ टाळूला लावून ठेवायची असते.

“व्यायाम करतोयस का?”

उल्हासने नाकाने सावकाश श्वास घेतला.

“हा व्यायाम नाहीये,” उंच पोलीस पोलीसबाईला म्हणाला. “हा नुसता उभा आहे. दंड लावू?”

“कशाचा? उभं राहण्याचा?”

“मास्कचा.”

“अरे, पण त्याला ऐकू तर यायला हवं.” पोलीसबाई जवळ आली. “सर? मी बोलतेय ते ऐकू येतंय का? येत असेल तर डोळे उघडा.”

उल्हासला सगळं ऐकू येत होतं. आता उघडावेत असं त्याला पहिल्यांदाच मनापासून वाटलं. लिव्हरचं काय व्हायचं ते होवो. पण आता एक नवीनच अडचण होती. आता डोळे उघडले, तर एवढा वेळ का उघडले नाहीत, याचं उत्तर द्यावं लागणार. बाईने हाक मारली तेव्हा उघडले असते तर नुसतं हसून भागलं असतं. पोलीस आले तेव्हा उघडले असते तर ‘सॉरी’वर मिटलं असतं. दर मिनिटाला उत्तर अवघड होत चाललं होतं, आणि उत्तर अवघड होत होतं म्हणून तो आणखी एक मिनिट थांबत होता. जगात बरेच लोक अशाच कारणाने उभे असतात. उल्हासचे फक्त हात गोल होते.

एवढ्यात पलीकडच्या पायवाटेने कॅसिमिर परेरा धावत आला. कॅसिमिर मूळचा वसईचा, इंजिनीयर, उल्हासच्याच बिल्डिंगमधला. तो अतिशय सज्जन होता आणि खोटं बोलणं त्याला जमत नसे. हे दोन्ही गुण त्या सकाळी उल्हासच्या मुळावर आले.

“उल्हास! काय रे झालं तुला?” तो लांबूनच ओरडला.

“तुम्ही ओळखता यांना?” पोलीसबाईने विचारलं.

“हो. माझा मित्र आहे.”

“हे असे नेहमी असतात का? शांत?”

“शांत?” कॅसिमिर दचकला. त्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. “नाही. कधीच नाही. हा माणूस आयुष्यात एकदाही गप्प बसलेला मी पाहिला नाही.”

पोलीसबाई आणि उंच पोलीस यांनी एकमेकांकडे बघितलं. “स्वभावात अचानक बदल,” पोलीसबाई रेडिओवर बोलली. “अँब्युलन्स लवकर पाठवा.”

अँब्युलन्सवाले आले. त्यातल्या एकीने उल्हासच्या डोळ्यांवर टॉर्च मारला, मग खांद्याजवळचा स्नायू चिमटीत धरून करकचून पिळला.

“आई गं! मेलो, मेलो!” उल्हासने डोळे उघडले.

“शुद्धीवर आलाय. पण शब्द कळत नाहीयेत,” ती मागे वळून म्हणाली. मग त्याला विचारलं, “नाव काय तुझं, डार्लिंग?”

“उल्हास. आय ॲम फाइन. खरंच. मी झाडाला मिठी मारत होतो.”

“कुठल्या झाडाला, उल्हास?”

“झाड नाहीये. म्हणजे आहे, पण आत.”

“नो वरीज, मेट,” ती अतिशय प्रेमाने म्हणाली आणि स्ट्रेचर पुढे आलं. उल्हासने हात खाली घ्यायचा प्रयत्न केला, पण एवढ्या वेळात दोन्ही खांद्यांत पेटके आले होते. त्यामुळे तो स्ट्रेचरवर आडवा झाला तेव्हाही हात वर गोल धरलेलेच होते. कॅसिमिरने छातीवर क्रूस काढला.

लॅबमध्ये मंजिरीचा फोन वाजला. इमर्जन्सीतली नर्स फातिमा बोलत होती. ती हैदराबादची, मंजिरीची मैत्रीण.

“मंजिरी, घबराना मत. तुम्हारे मियाँ आए हैं, अँब्युलन्स से.”

मंजिरीने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. रोज नळ्यांवरची नावं बघून बघून एक दिवस घरचं नाव येईल, ही भीती तिने किती आठवडे दाबून ठेवली होती ते तिलाच ठाऊक. “क्या हुआ उन्हें?”

“कुछ हुआ नहीं.” फातिमा अडखळली. “वो बस… खड़े थे.”

“खड़े थे?”

“पार्क में. खड़े थे. बस.”

मंजिरी स्टुलावर बसली. आधी तिला रडू आलं. मग जे आलं ते रडूच्या अगदी उलट होतं, आणि ते यायला फार वेळ लागला नाही. बाहेर अँब्युलन्सच्या रांगा लागल्या होत्या, माणसं श्वासासाठी तडफडत होती, आणि तिचा नवरा त्यातली एक अँब्युलन्स अडवून आला होता. कशासाठी? तर उभं राहण्यासाठी.

तिकडे उल्हास पडद्याआड कॉटवर बसला होता. पेटके उतरले होते, नाकात काडी घालून झाली होती. डॉक्टरने दंडाला पट्टा गुंडाळला. मशीनने आकडा दाखवला आणि लगेच पिंपिं करून ओरडायला लागलं. डॉक्टरने पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला. मशीन पुन्हा ओरडलं.

“तुम्हाला ब्लडप्रेशर आहे हे माहीत होतं?”

“मला? शक्यच नाही.”

“हल्ली कसला ताण आहे का?”

“ताण?” उल्हास ताडकन उठला. “अहो, मी शांत आहे! गेले दोन महिने मी दुसरं काही करतच नाहीये! सकाळ-संध्याकाळ फक्त शांत होतोय मी!”

पट्टा बांधलेलाच होता. डॉक्टरने मशीनकडे बघितलं, आकडा आणखी चढला होता. “खाली बसा,” तो म्हणाला. “हे असंच राहिलं तर एक दिवस तुम्हाला खरंच अँब्युलन्स लागेल. गोळ्या लिहून देतो. आणि तो मास्क नाकावर घ्या.”

डॉक्टर गेल्यावर उल्हासला खरोखर भीती वाटली. भीतीवर उपाय त्याला एकच माहीत होता. त्याने मास्क हनुवटीखाली ओढला, डोळे मिटले आणि पोट फुगेपर्यंत खोल, मोकळे श्वास घ्यायला सुरुवात केली. पलीकडच्या कॉटवर एक गृहस्थ खोकत होते.

दुपारी त्या गृहस्थांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मास्क काढून त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं, हे बघणाऱ्यांत फातिमाही होती. बायको लॅबमध्ये कामाला आणि घरात बाथरूम एकच, हे कळल्यावर उल्हासला घरी न सोडता विलगीकरणाच्या हॉटेलात नेलं. चौदा दिवस. खिडकी न उघडणारी खोली, दारात ठेवलेलं जेवण, आणि रक्तदाब मोजायचं एक छोटं मशीन. एका नर्सचा रोज फोन येणार होता, तिला आकडा सांगायचा. कंपनीत बातमी पोचली तशी रिबेकाने त्याला सक्तीच्या रजेवर घातलं. त्याच्या मागे टीमचं काम वेळेआधी व्हायला लागलं, हे त्याला कुणी कळवलं नाही.

पहिल्या संध्याकाळी त्याने मंजिरीला फोन केला. “बघ, त्या ‘ची’नेच मला हॉस्पिटलात नेलं. नाहीतर बीपी कळलंच नसतं.”

“तुला अँब्युलन्सने नेलं. आणि ची उतरलेली असेल तर आईंना फोन कर. त्या रडतायत.”

“तुझा हा जो विरोध आहे ना, तोच तुझ्या खांद्यात…”

मंजिरीने फोन ठेवून दिला. त्या दिवशी उल्हासचा आकडा इतका वर गेला, की नर्सने पुन्हा मोजायला लावला.

पण दुसऱ्या संध्याकाळपासून चमत्कार झाला. उल्हासने फोन केला, कॅमेरा नको असं सांगितलं, डोळे मिटायला सांगितले आणि सुरुवात केली. “श्वास आत घे.” पलीकडून श्वास ऐकू आला. “खांदे सैल सोड.” “हं.” “ढग बाजूला सार.” “हो.” एक शब्द उलटा नाही. तो बोलत राहिला. मास्टर क्रेगचं बोलला, स्वतःचं बोलला, ऑफिसातली माणसं कशी चुकतात ते बोलला, सासूबाईंनी लग्नात केलेली चूक आठवून तीही बोलला. “हं,” मंजिरी म्हणाली. अधूनमधून लांब, संथ श्वास.

रोज संध्याकाळी हे चालू राहिलं. इतकी वर्षं संसार करून आपण म्हणतो ते आपल्या बायकोला पटतंय, हा अनुभव उल्हासला प्रथमच येत होता. तो रात्री गाढ झोपू लागला. आकडा रोज थोडा उतरत गेला.

मुदत संपून, निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन उल्हास घरी आला तेव्हा दार मंजिरीने उघडलं, आणि तो बघतच राहिला. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. चेहरा टवटवीत दिसत होता. ती चक्क गुणगुणत होती.

“बघितलंस?” उल्हासने बॅग दारातच टाकली. “मी म्हणत नव्हतो? मोकळी झाली ना तुझी ची?”

“झाली बाई,” मंजिरी म्हणाली. “फार बरं वाटतंय.”

तेवढ्यात डॉक्टरचा फोन आला. उल्हासने सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर लावला आणि सकाळचा आकडा वाचून दाखवला.

“फारच छान,” डॉक्टर म्हणाला. “पण एवढ्याशा गोळीने इतक्या लवकर इतका उतरत नाही. तुम्ही आणखी काहीतरी करताय. जे करताय ते अजिबात सोडू नका.”

उल्हासने विजयी मुद्रेने मंजिरीकडे बघितलं. मग घोषणा केली की धडे बंद करायचे नाहीत. मात्र ते फोनवरच द्यायचे, कारण समोरासमोर मंजिरीची ची जरा आडमुठेपणा करते. ती लॅबमध्ये असताना, मधल्या सुट्टीत तो रोज फोन करत जाईल. एवढं सांगून तो मिस्टर होंना ही बातमी द्यायला गेला.

स्वयंपाकघरात ओवी लॅपटॉप उघडून बसली होती.

“मम, ती ऑडिओ फाइल आता डिलीट करू?” तिने विचारलं. “तुझ्या ‘हं’ची आणि ‘हो’ची. आणि श्वासांची. रोज फोनशेजारी लावून ठेवायचा मला कंटाळा आलाय. वी डोंट नीड इट एनी मोअर, राइट? डॅड बोलत असताना तू रोज आतल्या खोलीत झोपलीस, तुझी सगळी झोप भरून निघाली ना?”

मंजिरी कपात चहा गाळत होती. ती लॅबमधली बाई होती. समोर आलेल्या आकड्याकडे दुर्लक्ष करणं तिला येत नसे. गोळी तीच होती, माणूस तोच होता, आणि पहिल्या संध्याकाळी तर आकडा वरच होता. पुढे फक्त एक गोष्ट बदलली होती. बाहेर जिन्यात उल्हास मिस्टर होंना अंतर्बळाविषयी सांगत होता, मिस्टर हो मध्ये मध्ये काहीतरी वेगळं म्हणत होते, आणि उल्हासचा आवाज हळूहळू चढायला लागला होता.

“डिलीट नको करू,” मंजिरी म्हणाली. “उलट माइक आण जरा. त्यात एक ‘खरंय तुझं’ घालूया.”